भाकरीचा आराखडा कोणाच्या भाषेत?

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला. तेव्हापासून आम्ही तो काळा दिवस म्हणून पाळतो आणि 17 जानेवारीला हुतात्म्यांपुढे मस्तक नमवतो. यावर काही शहाणे विचारतात, "पाटी मराठीत लागली म्हणून पोट भरते काय हो?" प्रश्न खोचक आहे, पण आम्ही तो टाळणार नाही. आमचे उत्तर रोखठोक आहे: पोट भरायचे म्हणूनच कागद मराठीत हवा!

कसे ते पाहा. 1993 साली 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. गावाच्या आर्थिक विकासाची योजना पंचायतीने करावी, ही वाट तिने मोकळी केली. शेती, लघुपाटबंधारे, पशुपालन, लघुउद्योग, बाजार असे 29 विषय अकराव्या अनुसूचीत आहेत. गावोगावचे आणि शहरांचे आराखडे जिल्हा नियोजन समितीने एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा तयार करायचा. या समितीचे किमान चार-पंचमांश सभासद निवडून आलेल्या प्रतिनिधींतूनच घ्यावे लागतात. म्हणजे तळे कोठे खणायचे, रस्ता कोणत्या शिवारातून न्यायचा, याचा विचार साहेबाच्या टेबलावर नव्हे, गावच्या चावडीवर सुरू व्हायचा!

आता आपला मुलूख पाहा. खानापुरात भात पिकते, कौले आणि विटा भाजल्या जातात. निपाणीला तंबाखू आहे. शहापूर-वडगावात माग चालतात. भातवाल्याला पाणी हवे, विणकराला सूत आणि वीज हवी, तंबाखूवाल्याला भाव आणि गोदाम हवे. बंगळूरच्या कचेरीला हे स्वप्नात दिसणार आहे काय? ते ज्याचे त्यानेच सांगायचे. पण ग्रामसभेची नोटीस, योजनेचा अर्ज आणि आराखड्याचा मसुदा ज्याला वाचताच येत नाही, तो काय सांगणार? शेजाऱ्याने हात वर केला की हाही करतो, आणि अंगठा उठवून घरी जातो. असल्या कारभाराला लोकांची योजना म्हणायचे म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरून "बघ कसा दिसतोस" म्हणण्यासारखे आहे!

आम्ही खिरापत मागत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातच आहे. वचन दिल्लीचे, विसर बंगळूरला! त्यात कर्नाटकातील जिल्हा पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. निवडलेला सभासदच नसेल तर चार-पंचमांश आणायचे कोठून? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता आमच्या घरचेही सांगतो. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यांचे कौतुक आम्ही अभिमानाने करत आलो. पण 2022 पासून तेथेही अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद तर पालकमंत्र्याकडेच असते. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने उभे राहिलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ जिल्ह्याच्या पातळीवरील नियोजनाचा आग्रह धरीत होते. तो आग्रह मुंबईनेही विसरू नये. नुसता धनी बदलायला आम्ही लाठ्या खाल्ल्या नाहीत!

सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. म्हणून तोवर हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. बंधुभगिनींनो, पुढच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. मसुदा मराठीत मागा, लेखी मागा, पोच घ्या. आपल्या गावाची गरज स्वतःच्या भाषेत लिहून द्या. वाचल्याशिवाय अंगठा नाही, समजल्याशिवाय सही नाही!

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! आणि त्या महाराष्ट्रात जिल्ह्याच्या तिजोरीची किल्ली लोकांच्याच हाती राहिली पाहिजे!