मागे रेललात की वळण गेलं!

गेल्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये स्कीइंग करताना पडलो आणि गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. सांगलीहून आईचा फोन आला, "अरे, घसरायला पैसे भरतोस का तिकडे?" उत्तर नव्हतं. पण पडलो का, हे शोधायचंच असं ठरवलं.

दोन हिवाळे शिकूनही माझी वळणं बिघडायची. वळताना वेग वाढायचा, मागची टोकं सटकायची आणि मी खांदे फिरवून जबरदस्तीने वळायचो. सोबतचे मित्र वरून ओरडायचे, "गुडघे वाकव!" मी वाकवायचो, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखा मागे बसायचो. हा सल्ला आपल्या लोकांत सर्रास दिला जातो आणि माझ्या मते अर्धवट असल्यामुळे तो घातक आहे. मागे बसलं की स्कीच्या पुढच्या टोकावरचं वजन जातं, टोक बर्फाला धरत नाही, मग वळण कुठून येणार? शिवाय नितंब गुडघ्यांच्या खाली गेलेले असताना स्की आत वळली तर लिगामेंट फाटण्याचा धोका मोठा. माझं नेमकं तेच झालं.

बरं झाल्यावर बर्मिंगहॅमजवळच्या टॅमवर्थच्या स्नोडोममध्ये तासाचे पैसे भरून प्रशिक्षक घेतला. १९९४ पासून चालू असलेला हा खऱ्या बर्फाचा बंदिस्त उतार आहे, लांबी १७० मीटर. प्रशिक्षकाने माझे गुडघे पाहिलेच नाहीत. म्हणाला, वळताना आतल्या स्कीचं मागचं टोक जरासं उचल, पुढचं बर्फावरच राहू दे. मला जमेना! म्हणजे माझं वजन आतल्या पायावर होतं. डावीकडे वळताना भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर हवा. मी भीतीने डोंगराच्या बाजूला कलत होतो.

ट्रेकर मंडळींना हे लगेच कळेल. राजगड-तोरण्याच्या घसाऱ्यावरून उतरताना नवखा माणूस घाबरून मागे रेलतो आणि त्याचेच पाय आधी निसटतात. वजन पावलांवर ठेवणारा उतरून जातो. इथेही तसंच. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, वाकायचं ते घोट्यातून, आणि हात पुढे, नैवेद्याचं ताट धरल्यासारखे. वळायचं पायांनी, खांदे शक्यतो उताराकडेच. मी एका वेळी एकच गोष्ट सुधारली. कोडमध्ये एकदम चार बदल केले की कशाने काय बिघडलं ते कळत नाही, हा आमच्या धंद्यातला शहाणपणा इथे उपयोगी पडला. नडगी जागेवर आल्यावर खांदे फिरवायची गरजच उरली नाही.

आपल्या ग्रुपवर दरवर्षी आल्प्सच्या आठवड्याचं बुकिंग होतं, शिकवणीला मात्र काट. "आपण शिकवू की एकमेकांना!" मग पहिल्याच दिवशी निळ्या, दुसऱ्या दिवशी लाल उतारावर. उतार कठीण झाला की भीती वाढते, भीतीने माणूस मागे जातो आणि चूक पक्की होते. हिरव्या उतारावर हळू वळण्यात कसला कमीपणा? भारतातून औली-गुलमर्गला जाणाऱ्या भाच्या-पुतण्यांनाही मी हेच सांगतो.

डिसेंबरात आई येतेय. माझी सहा वर्षांची मुलगी बिनधास्त पुढे झुकून वळते, ते तिला बघायचंय. माझं बघायचं नाही म्हणाली.