पावती म्हणजे निकाल नव्हे

‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला आपल्या समाजात इतक्या सहजतेने दिला जातो की, आपण मोठे शहाणपणाचे बोललो असेच तो देणाऱ्याला वाटते. वाहन निषिद्ध जागी उभे केल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. रक्कम पाचशेच्या घरात असते आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण तर आपल्या जिभेवर तयारच असते. मग आपण घरच्यांपाशी पोलिसांना चार शब्द सुनावतो आणि निमूटपणे पैसे भरून टाकतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. अपराध घडला असेल तर त्याच दिवशी दंड भरावा आणि पोलिसांना नावे ठेवू नयेत. घडला नसेल तर एक रुपयाही भरू नये. मात्र का भरत नाही, ते सहीनिशी, लेखी आणि मुदतीत कळवावे.

पोलिसांनी दिलेले चलन हा आरोप असतो, निकाल नव्हे, ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २०० अन्वये पोलीस जी रक्कम स्वीकारतात ती तडजोडीची रक्कम होय. ती भरली म्हणजे खटला चालवण्याचे कारण उरत नाही. तडजोड ही दोन्ही बाजूंच्या संमतीने होते, आणि ज्याला आरोपच मान्य नाही त्याने तडजोड कशाची करायची? अपराध घडला की नाही हे ठरवण्याचा अंतिम अधिकार न्यायालयाचा आहे, चौकातील हवालदाराचा नाही. वस्तुतः प्रामाणिक हवालदारालाही हे ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसते, एवढीच अडचण.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कलम १२२ म्हणते की, इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडू नये. नुसते वाहन उभे असणे हा अपराध नव्हे. वाहन उचलून नेण्याविषयी कलम १२७ आहे. जेथे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे तेथून ते हलवता येते, परंतु त्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यावी लागते. उचलगाडीवरील पोराने शीळ घालावी आणि दुचाकी वर चढवावी, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. अनेक शहरांत हे काम खासगी ठेकेदाराकडे असते; ज्या ठिकाणी त्याचे उत्पन्न उचललेल्या वाहनांच्या संख्येवर ठरते, तेथे त्याचे डोळे रहदारीच्या अडथळ्याकडे लागतील की सहज उचलता येणाऱ्या स्कूटरकडे, हे सांगायला नको. अवजड ट्रक भर चौकात तसाच उभा राहतो, त्याचे रहस्य हेच असावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फलक नव्हता, एवढे म्हटल्याने प्रत्येक वेळी सुटका होत नाही. वाहन चालविण्यासंबंधी २०१७ साली जे केंद्रीय विनियम आले, त्यांनुसार पदपथ, पादचाऱ्यांचे पट्टे, दुसऱ्याच्या मालमत्तेचे प्रवेशद्वार अशा जागा फलकावाचूनही निषिद्धच आहेत. रविवारच्या मिस्सेला उशीर झाला म्हणून शेजारच्या हिंदू बांधवाच्या फाटकासमोर गाडी लावून आत शिरणारे आपल्यात थोडे नाहीत. लग्नसराईत तर धर्मग्रामाचा सारा रस्ताच आपण आंदण मिळाल्यासारखा वापरतो. त्या फाटकातून एखादा आजारी माणूस बाहेर न्यायचा असेल तर? अशा वेळी पोलिसांनी गाडी उचलली तर त्यांचे आभार मानावेत, आणि नगरसेवकाला दूरध्वनी करून ती सोडवून आणू नये. ओळखीने माफ करून घेतलेला दंड दुसऱ्या कोणा ओळख नसलेल्या माणसाच्या माथी बसतो.

‘पावती नको, निम्मे द्या’ हा तिसरा मार्ग आपल्याकडे जुनाच आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट शिक्षेस पात्र ठरतो. मात्र ज्याच्याकडून ती बळजबरीने घेतली गेली आणि ज्याने सात दिवसांच्या आत ते अधिकाऱ्यांना कळवले, तो अपवाद. हुज्जत घालून अंगावर धावून जाणाऱ्याने तर आपला खरा मुद्दाही गमावलेला असतो; नियमभंगाचा प्रश्न बाजूला राहतो आणि सरकारी कर्मचाऱ्यावर हात उगारल्याचा गुन्हा गळ्यात पडतो.

शासनाची वर्तणूकही या बाबतीत आदर्श नाही. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम १७७ खालचा पहिल्या अपराधाचा दंड शंभरावरून पाचशेवर गेला आणि पुढच्या अपराधांना दीड हजार झाला. शिस्त लागावी म्हणून हे केले, असे सांगण्यात आले. चांगले आहे. पण मार्च २०२२ मध्ये तेलंगणाने थकलेल्या दंडावर दुचाकीस्वारांना ७५ टक्के सूट दिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने सरसकट निम्मा दंड माफ केला, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. दिवाळीनंतर साड्यांचा सेल लागतो, तसा अपराधांचा सेल लागावा? ज्याने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे पूर्ण रक्कम भरली तो मूर्ख ठरला. आणि ज्याचा अपराधच नव्हता, त्यानेही ‘एवढ्यात सुटते आहे ना’ म्हणून पैसे टाकले आणि नसलेला अपराध कबूल करून तो घरी आला.

काही भाविक मंडळी अशा वेळी कैसराच्या नाण्याचा दाखला देतात. अधिकाऱ्यांशी वाद घालणे आपल्याला शोभत नाही, असे त्यांचे मत. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्पैचा प्रसंग पुन्हा वाचावा. चौकशी न करता फटके मारून कोठडीत टाकलेल्या पौलाला अधिकारी दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देऊ पाहत होते. त्याने रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि त्या अधिकाऱ्यांना स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढायला लावले. पुढे त्याने थेट कैसराकडेच दाद मागितली. कोणावर हात उगारला नाही. जो कायदा होता तोच पुढे केला.

आमच्या गावच्या बाजाररस्त्यावरून एका संध्याकाळी सात-आठ दुचाकी उचलल्या गेल्या. फलक नव्हता, रस्ता रुंद होता, कोणाचे फाटकही अडले नव्हते. बहुतेकांनी दंड आणि उचलण्याचा खर्च भरून गाड्या आणल्या. भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या एकाची तर त्या दिवसाची कमाईच त्यात गेली. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र चलनावर लेखी हरकत घेतली, जागेची छायाचित्रे जोडली, आणि दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. महाराष्ट्रात हा अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. त्यांना तीन ओळी पुरल्या. या रस्त्यावर वाहन उभे करण्यास मनाई करणाऱ्या अधिसूचनेची प्रत द्यावी, एवढेच त्यांनी मागितले होते. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले: अशी अधिसूचना अभिलेखात आढळत नाही. ते उत्तर हरकतीला जोडल्यावर त्यांचे चलन रद्द झाले. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना काहीही परत मिळाले नाही, कारण त्यांनी तडजोड केली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी रीतसर अधिसूचना निघाली आणि त्या रस्त्यावर फलक लागला. आता बाजाराला जाताना आम्हां सर्वांना गाडी दूर लावून दहा मिनिटे चालावे लागते, आणि त्याबद्दल गुरुजींना बोल लावणारेही काही आहेत. कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येतात. तशी जागा बाजाराजवळ ठरवावी, असा दुसरा अर्ज गुरुजींनी केला आहे. त्यावर अद्याप सात सह्या आहेत.