बरोबर प्रोग्रॅम चुकीचे उत्तर का देतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील मुलांनी साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रकल्प घेतला. आकडेमोडीसाठी मीच त्यांना सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. वीस निरीक्षणे घेतली, उत्तर आले ९.७४१३. मी म्हटले, आणखी तीस घ्या. त्यांनी घेतली, आणि उत्तर आले ९.७४१३! मुले खूष झाली. "सर, बघा किती स्थिर उत्तर आहे!"

मला मात्र चैन पडेना. तीस नवी निरीक्षणे मिळाल्यावर चौथ्या दशांश स्थळापर्यंत फरक पडत नाही, असे प्रयोगशाळेत कधी घडते काय? दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅमची ओळ न ओळ तपासली. एकही चूक सापडली नाही. शेवटी चाळिसावे निरीक्षण मुद्दाम दहापट करून पाहिले. उत्तर ढिम्म हलले नाही! म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या वीसांपलीकडे पाहतच नव्हता.

कारण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. मोठा प्रोग्रॅम एकाच फाईलमध्ये लिहीत नाहीत. त्याचे तुकडे करतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये तीन फायली होत्या: एक आकडे वाचणारी, एक गणित करणारी आणि एक या दोघींना कामाला लावणारी. तिघींना लागणाऱ्या सामाईक गोष्टी 'हेडर' नावाच्या चौथ्या फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. निरीक्षणांची संख्या २० ही तिथेच होती. कंपायलर प्रत्येक फाईलचे यंत्रभाषेत स्वतंत्र भाषांतर करतो, व मग ती भाषांतरे एकत्र जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार होतो. मी हेडरमध्ये २० चे ५० केले. दोन फायलींचे नव्याने भाषांतर झाले. गणिताच्या फाईलचे झालेच नाही. तिच्या जुन्या भाषांतरात २० हाच आकडा गोठून राहिला होता. जोडणी करताना यंत्राने कसलीही तक्रार केली नाही. मी तपासत होतो तो प्रोग्रॅम बरोबर होता, पण चालत होता तो तो नव्हताच!

ही अडचण जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन हे गृहस्थ एके दिवशी संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. बिनचूक प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. दुरुस्ती केलेल्या फाईलचे पुन्हा भाषांतर करायचेच राहिले होते. गंमत अशी, की फेल्डमन यांनी आदल्याच संध्याकाळी हाच मनस्ताप भोगला होता. आठवड्याअखेरीस त्यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. त्याबद्दल २००३ साली त्यांना असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेचे पारितोषिक मिळाले. (फेल्डमन यांची पहिली पदवी खगोलभौतिकीची, हे सांगण्याचा मोह भौतिकीच्या मास्तराला आवरत नाही.)

मेकचे तत्त्व अगदी साधे आहे. कोणती वस्तू कशापासून बनते व कोणत्या आज्ञेने बनते, हे आपण 'मेकफाईल'मध्ये लिहून द्यायचे. मेक फायलींच्या वेळा पाहतो. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नंतरचा असेल, तर तेवढीच वस्तू पुन्हा बनवायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. तुमच्या जर्नलमध्येही हेच नाते असते. कोष्टकावरून सरासरी, सरासरीवरून आलेख, आलेखावरून चढ. कोष्टकातला एक आकडा खोडला की पुढचे सगळे शिळे झाले. तरीही खोडलेल्या आकड्यानंतर जुनाच आलेख डौलात उभा असलेली जर्नले मी दरवर्षी तपासतो!

मग माझ्याकडे मेक असूनही फसगत का झाली? मेकफाईलमध्ये गणिताच्या फाईलपुढे हेडरचे नाव लिहायला मी विसरलो होतो. मेक अंतर्ज्ञानी नाही. तो फाईल उघडून वाचतही नाही, केवळ वेळ पाहतो. घड्याळाची बॅटरी संपलेल्या संगणकावर तुम्ही दुरुस्ती केलीत, तर तिच्यावर जुनी तारीख पडेल आणि मेक म्हणेल, सर्व काही अद्ययावत आहे. काही नवी साधने म्हणूनच वेळेऐवजी मजकुराचा ठसा घेऊन तुलना करतात.

आमचे एक सहकारी म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? शंका आली की जुनी भाषांतरे पुसून टाकावीत, सगळे नव्याने करावे. यंत्र वेगवान आहे." चार फायलींच्या प्रोग्रॅमला हे लागू आहे, घाईत मीही तेच करतो. परंतु लिनक्सच्या गाभ्यासारख्या प्रोग्रॅममध्ये हजारो फायली असतात. प्रत्येक स्वल्पविरामासाठी सगळे नव्याने करत बसणार काय? शिवाय माझा खरा आक्षेप निराळाच आहे. सगळे पुसून टाकणाऱ्या मुलाला काय कशावर अवलंबून आहे, हे कधीच कळत नाही. चूक नाहीशी होते, पण ती कुठे होती ते समजत नाही.

माझ्या मते शाळेत प्रोग्रॅम शिकवताना, एकापेक्षा जास्त फायली झाल्या की प्रथम कागदावर बाणांची आकृती काढून घ्यावी आणि तिला गुण द्यावेत. बाण फिरून मूळ जागी आले, तर आराखडाच चुकला. हेडर शोधण्याचे काम पुढे कंपायलरवर सोपवता येते. जीसीसीला '-एमएमडी' ही सूचना दिली की तो प्रत्येक फाईलने कोणती हेडरे वापरली याची यादी मेकसाठी स्वतः लिहून देतो. पण ती सूचना दुसऱ्या महिन्यात सांगावी, पहिल्या दिवशी नव्हे.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. वरच्यासारखा तीन फायलींचा प्रोग्रॅम घ्या, मेकफाईलमधून एका ठिकाणचे हेडरचे नाव गुपचूप काढा, हेडरमधला आकडा बदला आणि वर्गाला चूक शोधायला सांगा. मुलांना घड्याळ लावून बसवा. मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.