इंग्रजी उतारा वाचायचाच आहे ना, मग आपल्या हळदीचा वाचा



आपल्या चॅनेलवर उद्योगाचे, कर्जाचे, पॅकिंगचे व्हिडिओ असतात. मग मधेच इंग्रजी उताऱ्यांचा व्हिडिओ कशाला, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आज त्यावर माझं मत स्पष्ट लिहितो. इंग्रजी वाचून समजणं हा आता फक्त परीक्षेचा विषय राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात ज्याला धंदा करायचाय, कर्ज घ्यायचंय, माल बाहेर पाठवायचाय, त्याच्यासाठी तो सरळ पैशाचा विषय आहे. आणि आपली पोरं ज्या उताऱ्यांवर सराव करतात, ते उतारे बदलायची वेळ आली आहे.

सराव चालतो कशावर?

आपल्याकडे पदवी झाली की भरतीची तयारी सुरू होते. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे होते. आयबीपीएसच्या पीओ पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्यात इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरताच आहे, पण किमान २५ टक्के पाहिजेतच.

म्हणून मुलं गाइड आणतात. उतारा वाचला, पाच प्रश्न सोडवले, मागच्या पानावर उत्तर बघितलं, पुढचा उतारा. उतारा असतो व्हेल माशावर नाहीतर युरोपातल्या एखाद्या शहरावर. त्यात वाईट काही नाही. पण त्या उताऱ्याचा अर्थ चुकला तर एक गुण जातो, बस. म्हणून मुलगा अंदाजाने टिकमार्क करायला शिकतो. ही अंदाजाची सवय पुढे बँकेच्या कागदावर सही करतानाही सुटत नाही. मला खरी काळजी तिची वाटते.

आता आपल्याच जिल्ह्याचे उतारे बघू.

उतारा पहिला: सोयाबीन

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. आकडा सगळ्यांना पाठ. पण इंग्रजी कागदात त्या आकड्याबरोबर तीन अक्षरं असतात, एफएक्यू. मोबाइल वापरणाऱ्या पोराला विचारा, तो सांगेल, 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न'. खरेदी केंद्रावर त्याचा अर्थ वेगळा: फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी, म्हणजे ठरवून दिलेल्या सर्वसाधारण दर्जाचा माल. हमीभाव त्या मालाला आहे, तुमच्या प्रत्येक पोत्याला नाही. त्या दर्जात ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. ज्याने 'त्या हंगामापुरती' हे शब्द वाचले नाहीत, तो पुढच्या वर्षीही १५ टक्के धरून गाडी भरणार आणि केंद्रावरून परत आणणार. भाडं त्याचंच.

उतारा दुसरा: वसमतची हळद

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. पण जीआय मिळालं म्हणजे आपण लगेच पाकिटावर तो शिक्का छापायचा का? नाही. १९९९ च्या कायद्यात दोन शब्द वेगवेगळे आहेत. एक 'रजिस्टर्ड प्रोप्रायटर', म्हणजे ज्या संस्थेच्या नावावर नोंदणी झाली ती. दुसरा 'ऑथोराइज्ड यूजर', म्हणजे ते नाव वापरण्यासाठी स्वतःची नोंदणी करून घेतलेला उत्पादक. कांडी असो की गट्टू, पॉलिश करून ब्रँडने विकायचं असेल तर तुम्हाला या दुसऱ्या यादीत यावं लागतं. हे मी वकील म्हणून सांगत नाही. इंग्रजी समजून वाचलं तर कोणालाही कळेल इतकं ते सरळ आहे.

उतारा तिसरा: ३५ टक्के सबसिडी

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली. तिच्यात ३५ टक्के अनुदान आहे हे गावोगाव माहीत आहे. एखाद्याने हळद पावडरचा ४० लाखांचा प्रकल्प आखला की तो तोंडी हिशोब करतो: ४० चे ३५ टक्के म्हणजे १४ लाख आले. पण इंग्रजी वाक्य पूर्ण वाचा. त्यात 'एलिजिबल प्रोजेक्ट कॉस्ट' आहे, म्हणजे सगळा खर्च धरत नाहीत, जागेची किंमत त्यात येत नाही. पुढे 'मॅक्सिमम सीलिंग' आहे, १० लाख. म्हणजे १४ नाही, जास्तीत जास्त १०. चार लाखांचा खड्डा पहिल्याच दिवशी पडला. 'क्रेडिट-लिंक्ड' हाही शब्द आहे, म्हणजे कर्ज नाही तर अनुदान नाही. आणि अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलं जातं. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यावर ३ वर्षांनी खातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं.

बचत गटाच्या ताईंसाठीही त्यात एक ओळ आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपये बीज भांडवल. ही रक्कम गटाच्या संघाला अनुदान म्हणून येते, पण सदस्याला मिळते कर्ज म्हणून. परत करायची असते. 'ग्रँट' आणि 'लोन' हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आहेत. पहिला वाचून जो थांबला तो फसला. योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून फाइल टाकायच्या आधी चालू कागदच काढून वाचा.

उतारा चौथा: कर्जाचा कागद

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला एक परिपत्रक काढलं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक झालं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे व्याज आणि इतर आकार धरून कर्जाचा वर्षाचा एकूण दर. ५ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी घेतलं, प्रोसेसिंग फी २ टक्के कापली, तर हातात ४ लाख ९० हजार येतात आणि व्याज ५ लाखांवर चालतं. म्हणजे खरा दर १२ पेक्षा जास्त. त्यात विमा घातला की अजून वाढतो. शिवाय या कागदात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण गंमत बघा, हा हक्क आहे हे लिहिलेलं परिपत्रक बहुतेकांनी वाचलेलंच नाही.

भाव, दर आणि सूर

पेपरात बातमी येते, रेपो दर ५० बेसिस पॉइंटने कमी. ६ जून २०२५ ला हेच झालं, ६ टक्क्यांचा दर साडेपाच झाला. १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्का, एवढं कळलं की बातमी आपली होते. १० लाखांचं कर्ज असेल तर अर्ध्या टक्क्याने वर्षाला साधारण ५,००० रुपयांचा फरक. पण तो तुमच्या कर्जाला लागू आहे का, हे मंजुरी पत्रात 'फिक्स्ड' लिहिलंय की 'फ्लोटिंग' यावर ठरतं. तसंच 'महागाई कमी झाली' म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव वाढायचा वेग कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ.

परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो, लेखकाचा सूर कोणता? नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायची तयारी जाहीर केली. ती बातमी इंग्रजी पेपरांतही आली. तीच बातमी दोन इंग्रजी पेपरांत शोधून वाचा आणि ठरवा: कोणी ती तमाशा म्हणून लिहिली, कोणी पीक आणि कर्जाचं कारण सांगितलं, कोणी शेतकऱ्याचं म्हणणं छापलं? आपल्या माणसांबद्दल बाहेर काय लिहिलं जातं, हे आपल्याला वाचता यायला नको का?

'मोबाइल भाषांतर करतो की'

करतो, आणि वापरावंच. पण मोबाइल वाक्य उलटं-सुलटं करून देतो, प्रश्न विचारत नाही. 'यापैकी जी रक्कम कमी असेल ती' असं भाषांतर समोर आलं, तरी दोन्ही रकमा काढून कमी कोणती हे बघायचं काम तुमचंच. काही जण म्हणतात, सगळं मराठीतच द्या. मीही तेच म्हणतो, आणि आग्रहाने मागितलं पाहिजे. पण मागणी पूर्ण होईपर्यंत सही करायचा दिवस थांबत नाही.

परीक्षेवाल्यांनीही घाबरू नये. बँकेच्या परीक्षांत अर्थव्यवस्थेवरचे उतारे येतातच. त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

सराव कसा करायचा

रोज २० मिनिटं. सरकारच्या पीआयबीची पत्रकं इंग्रजीत फुकट मिळतात आणि बऱ्याच पत्रकांचं मराठीही मिळतं. राष्ट्रीय हळद मंडळापासून सुरुवात करा. ४ ऑक्टोबर २०२३ ला अधिसूचना निघाली आणि १४ जानेवारी २०२५ ला मंडळाचं उद्घाटन झालं. आधी इंग्रजी वाचा, मग पाच प्रश्नांची उत्तरं मराठीत वहीत लिहा:

१. हे कोणाला लागू आहे?
२. किती, आणि जास्तीत जास्त किती?
३. कधीपासून, कधीपर्यंत?
४. अट कोणती?
५. अट मोडली तर काय?

नंतर मराठी पत्रक उघडून ताळा घ्या. आणि 'सब्जेक्ट टू', 'अप टू', 'प्रोव्हायडेड दॅट', 'मे', 'शाल' या शब्दांखाली रेघ मारा. अवघड शब्द लोक डिक्शनरीत बघतात. नुकसान होतं ते या सोप्या दिसणाऱ्या शब्दांनी. 'शाल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे करतील किंवा करणारही नाहीत. अनुदान 'मे बी रिलीज्ड' असेल तर त्याच्या भरवशावर मशीनची ऑर्डर देऊ नका.

क्लासवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आठवड्यातून एक तरी उतारा मोंढ्यातला, बँकेतला, आपल्या तालुक्यातला घ्या. आणि घरच्यांनो, मुलाला इंग्रजी येतं का हे बघायला त्याची मार्कलिस्ट बघू नका. कपाटातलं कर्जाचं मंजुरी पत्र त्याच्या हातात द्या आणि म्हणा, बाळा, यात आपण काय कबूल केलंय ते मराठीत सांग. त्याला अडखळायला झालं तरी चालेल. दोघं मिळून एक-एक ओळ लावा. तुमचा आजचा उतारा तोच.