गिनी पिगचे अंथरूण आणि घरातील दुर्गंधी

सदर : गृहव्यवस्था



मुलांच्या हट्टापायी घरात गिनी पिग येतो, तेव्हा पहिले पंधरा दिवस कौतुकाचे असतात. पुढे वडीलधारी मंडळी नाकाला पदर लावू लागतात. पिंजरा दिवाणखान्यातून बाल्कनीत जातो, बाल्कनीतून जिन्याखाली जातो आणि एके दिवशी ‘कोणाला तरी देऊन टाका’ अशी भाषा सुरू होते. दोष त्या मुक्या जीवाचा नसतो. निरोगी गिनी पिगच्या अंगाला फारसा वास नसतो. वास येतो तो त्याच्या पायांखालच्या ओल्या अंथरुणाला. ते अंथरूण कसे असावे व कसे राखावे, याचा विचार या लेखात करू.

त्याआधी आपल्या घरांत हमखास निघणारा एक प्रश्न. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना आहे. मग प्राणी पिंजऱ्यात ठेवावाच का? हौसेखातर विकत आणू नये, हेच सरळ उत्तर होय. परंतु जो घरात आलेला आहे, त्याला बागेत सोडून देणे ही दया नव्हे. गिनी पिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला कृंतक प्राणी. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. रानात स्वतःचा सांभाळ करण्याची सवय त्याला उरलेली नाही. मोकळा सोडला तर कुत्री, मांजरे, कावळे यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणे आणि हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, हे दोन्ही गुन्हे ठरतात. तेव्हा आलेल्या जीवाची पाच ते आठ वर्षांची जबाबदारी स्वीकारणे, हाच मार्ग उरतो.

दुर्गंधी कोठून येते

मूत्रातील युरियाचे जीवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू निघतो. ओल, उष्णता आणि कोंदट हवा असली की ही क्रिया वेगाने होते. नाकात झिणझिण्या आणणारा तो उग्र दर्प याच वायूचा. आपण पाच फुटांवरून हुंगतो. गिनी पिगचे नाक मात्र अंथरुणापासून दोन-तीन बोटांवर असते. आपल्याला पुसट जाणवणारा वास त्याच्यासाठी रात्रंदिवसाची धुरी असते. अमोनियाने श्वासनलिकेचे अस्तर दुखावते, मग जंतुसंसर्ग सहज होतो आणि न्यूमोनिया हे या प्राण्याच्या मृत्यूचे एक नेहमीचे कारण आहे. ओल्या किंवा जाळीच्या तळावर सतत उभे राहिल्याने तळपायांना जखमा होतात, त्या चिघळतात व बऱ्या व्हायला महिने लागतात. म्हणून दुर्गंधीचा विचार पाहुण्यांसाठी नव्हे, प्रथम त्या प्राण्यासाठी करावयाचा आहे.

आणखी एक सावधगिरी. सततच्या वासाला आपले नाक सरावते आणि घरच्यांना काहीच जाणवेनासे होते. यास्तव रोज एकदा गुडघे टेकून पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेऊन पाहावे, अथवा बाहेरून आलेल्याला विचारावे.

फ्लीस म्हणजे काय

लाकडाचा भुसा अनेकांच्या परिचयाचा असतो. त्याची बारीक धूळ श्वासातून जाते. आणि चीड वा देवदारासारख्या सुगंधी लाकडाच्या भुशातील तैलद्रव्ये या प्राण्यांना अपायकारक ठरतात. म्हणून आता पुष्कळ जण फ्लीसचे कापड अंथरतात.

आपल्यातील अनेकांचा जन्म कापडाच्या पेढीवर गेला आहे, त्यामुळे फ्लीसची परीक्षा त्यांना अवघड नाही. हे विणीचे, दोन्ही बाजूंनी लव काढलेले पॉलिएस्टरचे कापड. अमेरिकेतील माल्डन मिल्स या गिरणीने ते बाजारात आणले; आज आपल्याकडे लुधियाना व पानिपतचा माल सर्वत्र मिळतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतःत जेमतेम ०.४ टक्के आर्द्रता धरतो, सुती धागा आठ ते साडेआठ टक्के. म्हणजे फ्लीस मूत्र शोषून घेत नाही. ते लवेच्या फटींतून खाली जाऊ देते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. शोषण्याचे काम खालच्या सुती थराने करावयाचे असते. हे न उमगल्यामुळे पुष्कळ घरांत केवळ फ्लीसचा एक तुकडा अंथरला जातो, मूत्र पिंजऱ्याच्या तळाशी साचते आणि दोष कापडावर येतो.

फ्लीसच्या दोन गोष्टी विशेष सोयीच्या. कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे नखांत वा बोटांत धागा गुरफटण्याची भीती नसते. शिवाय ते लवकर वाळते.

मांडणी

दोन गिनी पिगांना किमान साडेसात चौरस फूट जागा लागते. दहा चौरस फूट असल्यास उत्तम. जागा अपुरी असेल तर कितीही धुतले तरी ओल दाटतेच. अडीच फूट बाय चार फूट पिंजरा धरला, तर ६० इंची पन्ह्याच्या फ्लीसचा एक मीटर तुकडा कडा दुमडून खाली खोचण्याइतका पुरतो. असे तीन संच ठेवावेत : एक पिंजऱ्यात, एक धुण्यात, एक कपाटात. म्हणजे तीन मीटर कापड. २०० ते ३०० जीएसएमचे, गोळे न धरणारे कापड घ्यावे.

सर्वांत खाली प्लॅस्टिकचा पत्रा अथवा जाड ताडपत्री, त्यावर जुने टर्किश टॉवेल किंवा सुती गोधडीचे दोन-तीन थर, आणि सर्वांत वर फ्लीस. फ्लीस व सुती थर यांच्यामध्ये प्लॅस्टिक मुळीच घालू नये. कडा चिमट्यांनी घट्ट बसवाव्यात. गिनी पिगला कापडाखाली शिरण्याची हौस असते.

नवे फ्लीस तसेच अंथरू नये. त्यावरील कारखान्यातील लेपामुळे पाणी मोत्यांसारखे वरच राहते. साबणाच्या कोमट पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन चमचाभर पाणी ओतून पाहावे. पाणी चटकन खाली उतरले की कापड वापरास योग्य झाले.

गिनी पिग बहुधा जेथे गवत खातो तेथेच मलमूत्र करतो. म्हणून गवताचे पसरट भांडे एका कोपऱ्यात ठेवून त्याखाली फ्लीस व टॉवेलची छोटी जोडगादी वेगळी घालावी. ही गादी रोज बदलली तर मोठे अंथरूण अधिक दिवस टिकते. सर्व उपायांत हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी आहे.

रोजचा क्रम

सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने लेंड्या व सांडलेले गवत गोळा करावे. पाच मिनिटे पुरतात. कोपऱ्याची गादी बदलावी. उरलेला भाजीपाला दोन-तीन तासांत उचलावा, कारण दुर्गंधीचा बराच भाग नासलेल्या पाल्याचा असतो. पूर्ण संच दोन प्राण्यांसाठी दर तीन-चार दिवसांनी बदलावा. फ्लीस वरून कोरडे दिसते, त्यावर विसंबू नये. कडा उचलून खालच्या टॉवेलवर तळहात दाबून पाहावा.

यत्नेच्या दृष्टीनेही हा क्रम महत्त्वाचा. ओले अंथरूण व कुजके गवत तसेच राहिले तर बुरशी धरते, माश्या अंडी घालतात आणि कधी ती प्राण्याच्या मळलेल्या अंगावरही घातली जातात. मग औषधे फवारण्याची वेळ येते. जीवोत्पत्ती होण्यापूर्वीच जागा कोरडी ठेवली, तर तो प्रसंगच उद्भवत नाही.

धुलाई

कापड आधी घराबाहेर झटकावे व केस ब्रशने काढावेत. ते यंत्राच्या जाळीत अडकतात. नंतर थंड पाण्यातून एकदा काढून अर्धा तास भिजवावे आणि सुमारे ४० अंश कोमट पाण्यात थोड्या, सुगंधरहित साबणाने धुवावे. कापड मऊ करणारे द्रव वापरू नयेत. त्यांचा थर बसतो आणि फ्लीसमधून पाणी खाली उतरेनासे होते. इस्त्रीही करू नये.

गिनी पिगच्या मूत्रात चुन्याचे क्षार असतात. त्यांचे पांढरे डाग तळाच्या पत्र्यावर बसतात व तेथे वास धरतो. पांढऱ्या सिरक्याने ते निघतात. ज्या घरांत सिरका येत नाही, तेथे किराणा दुकानातील सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून दहा मिनिटे लावून ठेवावे. तेच काम होते. मात्र एक नियम कधीही मोडू नये : ब्लीचिंगचे द्रव सिरक्यात वा कोणत्याही आम्लात मिसळू नये, आणि मूत्राने भिजलेल्या कापडावरही ओतू नये. दोन्ही प्रकारांत विषारी वायू निघतो.

पावसाळ्यात फ्लीस वाळते, परंतु खालचे टॉवेल दमट राहतात. अर्धवट वाळलेला टॉवेल पुन्हा घालणे म्हणजे दुर्गंधीला आमंत्रण. त्या चार महिन्यांसाठी सुती थराचे दोन संच अधिक ठेवावेत, जाड गोधडीऐवजी पातळ टॉवेल वापरावेत आणि पंख्याखाली पूर्ण वाळवावेत.

काय करू नये

वास झाकण्यासाठी अगरबत्ती, धूप, कापूर, डांबराच्या गोळ्या, फिनेल अथवा सुगंधी फवारे पिंजऱ्याजवळ वापरू नयेत. वास लपतो, अमोनिया तसाच राहतो आणि त्यात नव्या विषाची भर पडते. प्राण्याला वारंवार आंघोळ घालणेही अनावश्यक आहे. पिंजरा उन्हाच्या बाल्कनीत हलवू नये. २७-२८ अंशांपुढे गिनी पिगला उष्माघाताचा धोका असतो. हवेशीर, सावलीची खोली हीच त्याची जागा. तो कापड कुरतडून गिळत असेल, तर फ्लीस काढून कागदी अंथरूण वापरावे.

आहाराचाही वासाशी संबंध आहे. गवत हेच मुख्य अन्न. ते कमी पडले की लेंड्या पातळ होतात आणि अंथरूण लवकर खराब होते. क जीवनसत्त्व गिनी पिगचे शरीर स्वतः बनवू शकत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा व थोडी कोथिंबीर द्यावी. कांदा, लसूण व बटाटा त्याला अपायकारकच आहेत आणि गाजरावाचून त्याचे काही अडत नाही. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराला या पाहुण्यासाठी वेगळी भाजी आणावी लागत नाही.

अंथरूण स्वच्छ असूनही दुर्गंधी येत असेल, मूत्रात रक्त दिसत असेल, मागचा भाग सतत ओला असेल, किंवा शिंका व नाकातून स्राव असेल, तर तो आजार समजावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. गिनी पिग दुखणे लपवतो. खाणे थांबल्यावर एक दिवसही वाट पाहू नये.

ताळेबंद

भुसा किंवा कागदी गोळ्या यांचा खर्च दरमहा चालू राहतो आणि कचऱ्याची पिशवी रोज भरते. फ्लीसचा खर्च एकदाच, तो वर्षानुवर्षे पुरतो. परंतु आठवड्यातून दोनदा धुण्याचे पाणी, वीज आणि श्रम त्याच्या नावे मांडावे लागतात. ज्या घरात हे श्रम एकट्या गृहिणीच्या माथी येतात, तेथे महिन्याभरात पिंजरा जिन्याखाली जातो. म्हणून कामाची वाटणी पहिल्याच दिवशी करावी. ज्या मुलाने हट्ट धरला त्याने लेंड्या झाडाव्यात व कोपऱ्याची गादी बदलावी. वडिलांनी रविवारी तळाचा पत्रा धुवावा. धुलाईची जबाबदारी पाळीपाळीने घ्यावी. नर-मादी एकत्र ठेवले असतील तर त्वरित वेगळे करावेत, अन्यथा दोनाचे सहा होण्यास एक-दोन वेते पुरतात आणि कोणताही हिशेब पुरत नाही.

एवढे करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी प्राणी आणण्यापूर्वीच मुलाला तसे स्पष्ट सांगावे. आणि ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी आज संध्याकाळी अंथरुणाची कडा उचलून खालचा टॉवेल हाताने दाबून पाहावा. तो ओला लागला, तर उद्याची वाट न पाहता बदलावा.