पदावर लिहिलेली चाल

'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकी समूहाच्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' या गाण्याला २००६ साली रॅप विभागातले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. त्याचा सांगाडा कल्याणजी-आनंदजींचा आहे. 'डॉन' (१९७८) मधले 'ये मेरा दिल' आणि 'अपराध' (१९७२) मधले 'ऐ नौजवान' या दोन गाण्यांतले तुकडे कापून ते उभे केले गेले. मुखड्यासाठी १९८५ च्या एका अमेरिकी नृत्यगीताचाही आधार घेतला आहे. पण कानात रुतून बसते ते मुंबईचेच वाद्यवृंदसंगीत. दोन्ही मूळ गाणी आशा भोसले यांनी गायलेली. तेव्हा 'आमचे गाणे ग्रॅमीला गेले' असा अभिमान आपल्याकडे व्यक्त झाला, आणि त्याच्याच जोडीला 'आमचे गाणे चोरले' अशी तक्रारही झाली. मला या दोन्ही प्रतिक्रिया उथळ वाटतात.

चोरीचा आरोप आधी पाहू. ज्याला फंक म्हणतात ते संगीत सुरावटीपेक्षा ठेक्याला प्रमाण मानते. जेम्स ब्राउनने पहिल्या मात्रेवर जो हट्टाने जोर दिला, तो आपल्या समेच्या कल्पनेपासून फार दूरचा नाही. सत्तरच्या दशकात हे संगीत अमेरिकी चित्रपटांतून आणि तबकड्यांतून मुंबईत आले. इथल्या संगीतकारांनी ती गिटार, ती पितळी वाद्ये, तो ठेका उचलला आणि हेलनच्या नृत्याला, खलनायकाच्या अड्ड्याला, मोटारींच्या पाठलागाला वापरला. पुढे १९९८ मध्ये 'बॉम्बे द हार्ड वे' या नावाने कल्याणजी-आनंदजींच्या चित्रपटसंगीताची नव्याने घडवलेली तबकडी अमेरिकेत निघाली आणि तिथल्या हिपहॉपवाल्यांचे कान इकडे वळले. म्हणजे जो माल तिकडून आला होता, तो मसाला लावून परत गेला. यात चोर कोणाला म्हणायचे?

आणि उसनवारीचे तंत्र तरी आपल्याला कुठे परके आहे? नमुन्याचा एक छोटा तुकडा सतत फिरत ठेवायचा आणि त्यावर शब्दांची फेक करायची, हे ऐकताना तबल्याच्या एकलवादनातला लेहरा आठवावा. लेहरा तोच राहतो. ऐकायचे असते ते त्यावर उभे राहणारे काम. आमच्या जालना जिल्ह्यात एप्रिलमध्ये भीमजयंतीला गावोगाव जी गीते ऐकू येतात, त्यांतली कितीतरी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत, आणि म्हणून त्यांचे तेज रतिभरही कमी होत नाही. सप्ताहातल्या कीर्तनात अभंगाला सिनेमाची चाल लागली की जुनी मंडळी नाके मुरडतात, तरी टाळ थांबत नाहीत.

या परंपरेत नोंदीचीही एक रीत होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्या काळच्या संगीत नाटकांची छापील पुस्तके उघडली, की पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' असा शब्द दिसतो आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे आरंभीचे शब्द. साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी पदे, हिंदुस्थानी चिजा, सगळीकडून चाली घेतल्या गेल्या आणि घेतल्याचे छापले गेले. एम. ए. च्या वर्गात ही पुस्तके शिकवताना आपण पदाचे रसग्रहण करतो आणि ती बारीक ओळ ओलांडून पुढे जातो. मला अलीकडे ती ओळच अधिक बोलकी वाटते. उसने घेण्यात कमीपणा नाही, न सांगण्यात आहे, एवढे त्या पिढीला ठाऊक होते. या कसोटीवर 'ब्लॅक आइड पीज' उत्तीर्ण होतात: गाण्याच्या रचनाकारांत कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे आहेत.

अनुत्तीर्ण होणारे उदाहरणही आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणे गाजले. निर्माता डीजे क्विक, सोबत रॅपर रकीम. त्यात 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' चा तुकडा लता मंगेशकरांच्या आवाजासकट वापरलेला आणि मूळ संगीतकाराचे नाव नाही. संगीतकार बप्पी लाहिरी अमेरिकेत न्यायालयात गेले. श्रेय दिल्याशिवाय तबकडी विकू नये, असा अंतरिम आदेशही मिळाला. इथवरची गोष्ट आपण चवीने सांगतो. पुढची सांगत नाही. खटला चालू राहिला तसे निष्पन्न झाले की, त्या गाण्यावर लाहिरींचा स्वामित्वहक्कच नव्हता. करारानुसार तो चित्रपटनिर्मात्याचा होता. २०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने, हक्क नसताना दावा रेटल्याबद्दल लाहिरींच्या वकिलाला झालेला सुमारे अडीच लाख डॉलरचा दंड कायम केला.

ही नामुष्की लॉस एंजेलिसमध्ये उघडी पडली, तरी घडली होती ती आपल्याच देशात. १९७७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गीत-संगीताचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गाणाऱ्याला आपला कायदा काहीच संरक्षण देत नाही, याकडे खेदाने लक्ष वेधले होते. त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या आरंभी, लताबाईंनी गायकांना तबकड्यांच्या विक्रीतून मानधनाचा वाटा मिळावा असा आग्रह धरला होता. महंमद रफींचे मत वेगळे पडले: गाण्याचे पैसे घेतले, तिथे व्यवहार संपला. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. आपण तो प्रसंग दोन थोरांचा रुसवाफुगवा म्हणून चघळत आलो आहोत. त्यात कामगाराच्या हक्काचा एक खडा प्रश्न होता, तो गॉसिपच्या पानांत विरघळला. कायद्यात गायक-वादकांचे हक्क आले १९९४ च्या दुरुस्तीने, आणि गीतकार, संगीतकार व गायकांच्या मानधनाला ठोस आधार मिळाला तो २०१२ मध्ये. लताबाईंच्या मागणीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

मग अमेरिकी संगीतकाराने परवानगी काढली, पैसे भरले, तरी ते जातात कोणाकडे? फार मोठ्या प्रमाणात त्या करारांच्या वारसदार कंपन्यांकडे. नमुना विकला गेला की ज्याच्या कपाटात कागद आहे, त्याला पैसा मिळतो. ज्याच्या गळ्यात किंवा बोटांत तो नमुना होता, त्याला मिळेलच असे नाही. अमेरिकेतही याहून वेगळे नाही. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' (१९७०) मधला काही सेकंदांचा ढोलाचा तुकडा असंख्य हिपहॉप गाण्यांत फिरला. तो वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड गीतकार म्हणून नोंदलेला नव्हता, त्यामुळे त्या अमर ठेक्याच्या रॉयल्टीवर त्याचा हक्क नव्हता. २०१७ मध्ये तो वारला.

मुंबईच्या स्टुडिओंतले असे वादक कोण होते? पुष्कळसे गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावे आज अभ्यासकांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या रांगेत मागे बसलेल्या ट्रम्पेट आणि गिटारवाल्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शोधून सापडत नाहीत. 'ये मेरा दिल' चा आरंभ ऐकावा. आशाबाईंचा आवाज येण्यापूर्वीच गाणे अर्धे जिंकलेले आहे, आणि ते जिंकणारे हात अनामिक आहेत. अमेरिकी रॅपरने कापून नेले ते नेमके हेच. गाण्याच्या शब्दांचा त्याला काही उपयोग नव्हता.

संगीत नाटकाच्या त्या बारीक ओळीलाही ही मर्यादा होतीच. 'चाल' च्या पुढे गाणे लिहिले जाई, गाणारी नाही. लावणीची चाल घेतली तर लावणीचे शब्द छापले गेले. ती चाल ज्या फडावर, ज्या बाईच्या गळ्यातून नाटककाराच्या कानावर पडली असेल, तिचे नाव त्या पुस्तकात कुठेच नाही.