मोज्यांची लोकर आणि आमची मनी

पायमोज्यांच्या लोकरीचा संग्रह करण्याचा नाद एकदां जडला म्हणजे सुटत नाहीं. १०० ग्रॅमच्या लडींत बहुधा ४२० मीटरांच्या आसपास धागा असतो व त्यांत मोठ्या माणसाचा एक जोड होतो. 'ही एकच लड' असें म्हणतां म्हणतां आमची टोपली केव्हां भरली, हें आम्हांस कळलेंहि नाहीं. मनीस मात्र तें प्रथमपासूनच ठाऊक होतें!

एके सायंकाळीं तिच्या तोंडांतून निळ्या धाग्याचें टोंक लोंबतांना दिसलें. आम्ही तें ओढणार, तोंच सूनबाईंनीं आमचा हात धरला. त्यांचेंच बरोबर होतें. मांजराच्या जिभेवरील कांटे घशाकडे वळलेले असतात. त्यामुळें धागा बाहेर टाकणें त्यास कठीण जातें. त्याचें एक टोंक जिभेखालीं वा जठरांत अडकलें म्हणजे आंतडीं चुण्या पडून गोळा होतात आणि ताणलेला धागा त्यांस कापूं लागतो. ओढल्यानें संकट वाढतेंच. टांच झिजूं नये म्हणून या लोकरींत बहुधा पाव हिस्सा नायलॉन असतें. मोज्यास हितकर अशी ही मजबुतीच मनीच्या जिवावर उठली होती. तत्काळ पशुवैद्यांकडे नेलें. शस्त्रक्रियेनें ती वांचली.

आतां आमचा संग्रह झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत असतो. कसरीसाठीं डांबराच्या गोळ्या घालीत नाहीं, कारण त्या मांजरास विषारी. लोकरीस वरचेवर ऊन दाखवितों. विणकामाची आवड असणाऱ्या भगिनींस एवढेंच सांगणें कीं, उठतांना गुंडा डब्यांत ठेवूनच उठावें. छंद आपला, त्याची किंमत मुक्या जिवानें कां द्यावी?